हलगी देवळात आली

परवा एक पोरगा घरी आला. कॉलेजात शिकणारा, चळवळीतला. दारातनंच 'जय भीम' म्हणाला. मीही 'जय भीम' म्हणालो. बायको सवयीनं 'सलाम' म्हणाली. आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती माणसांत सलामच चालतो. चहा पिता पिता पोराची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर गेली, मग खाली फळीवर ठेवलेल्या गीतांच्या पुस्तकावर आली आणि तिथंच थांबली. त्याला राहवलं नाही.

'काका, एक विचारू? राग नका मानू. तुम्ही नामांतरात होता. अजून मोर्चाला येता. आणि रविवारी तिकडं जाऊन टाळ्या वाजवत देवापुढं गाता. आपल्या लोकांच्या जगण्यात गाण्यासारखं आहे तरी काय?'

राग कशाचा? हाच प्रश्न मी माझ्या आईला विचारला होता. तेव्हा मी त्या पोराएवढाच होतो आणि त्याच्यापेक्षा जास्त गुर्मीत होतो. त्याला चहाच्या कपात मावेल एवढं उत्तर दिलं. उरलेलं इथं लिहितोय.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले १८१३ साली आणि नगरला त्यांनी ठाणं मांडलं १८३१ साली. पुढं त्यांचं वारं आमच्या महारवाड्यापर्यंत पोचलं. पणजा बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. मोकळा म्हणजे कागदावर. येसकराची काठी हातात तशीच राहिली. मेलेलं ढोर ओढायचं तसंच राहिलं. गावानं त्याला ख्रिस्ती म्हटलं नाही, महारच म्हटलं. पुढं 'दुधाच्या पावडरीचे ख्रिस्ती' अशी आणखी एक शिवी आम्हाला मिळाली. पावडर मी प्यालोय. पाण्यात गुठळ्या व्हायच्या. त्या गुठळ्यांसाठी कुणी देव बदलत नाही.

मग बदलला कशासाठी? पणजीचं एक वाक्य घरात चालत आलेलं आहे. मातीच्या भिंतीच्या त्या मिशनच्या खोलीत ती पहिल्यांदा जाऊन बसली आणि घरी येऊन म्हणाली, 'आज देवाला आतून पाह्यलं.'

दोस्तहो, या वाक्याचं वजन तुम्हाला मी सांगायला नको. चोखोबाची समाधी पंढरपुरात देवळाबाहेर आहे. एवढे अभंग रचले, तरी बाहेर. काळाराम मंदिराचा सत्याग्रह बाबासाहेबांनी १९३० साली सुरू केला, तिथं आपल्या माणसांनी दगड खाल्ले. पंढरपूरचं देऊळ आपल्याला उघडायला १९४७ साल यावं लागलं, आणि त्यासाठीसुद्धा साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पिढ्यान् पिढ्या आपली माणसं देवापुढं नाचली ती रस्त्यावर. पणजी आत बसली. छपराखाली, देवाच्या समोर, मांडी घालून. तिला जो आनंद झाला तो कुठल्या मिशनऱ्यानं शिकवला नव्हता.

पण लबाडी करायची नाही. पुढचंही सांगतो. आम्ही आत गेलो आणि आपल्यामागं दार ओढून घेतलं.

आमच्या देवळात महारांची घरं तीस, मांगांची पाच. आम्ही देवळाला देऊळच म्हणायचो. आठवडाभर तिथं शाळा भरायची, रविवारी उपासना. मांगांची पाच घरं दारापाशी बसायची. तसा नियम कुणी केलेला नव्हता. कुणी त्यांना 'तिथं बसा' म्हणायचं नाही. त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही माहीत होतं. प्रभुभोजनाचा प्याला पुढून फिरत फिरत दारापाशी शेवटी जायचा. माझी चुलती एकदा उशिरा आली आणि दारापाशी बसायची वेळ आली, तर त्या दिवशी तिनं प्यालाच घेतला नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

त्या दारापाशी तात्या बसायचा. मांगवाड्यातला म्हातारा. वीस वर्षांमागं बाप्तिस्मा झालेला, पण देवळात त्याला गाताना कुणी पाहिलं नव्हतं. ओठसुद्धा हलायचे नाहीत. बाहेर मात्र पंचक्रोशीत त्याच्यासारखी हलगी कुणाची नव्हती. पोळा असो, लग्न असो, कुस्त्यांचा फड असो, कुणाची अंत्ययात्रा असो, तात्या पुढं. चैत्रात देवाची पालखी निघायची, तात्या पालखीच्या पुढं आणि देवळाची पायरी आली की बाजूला. पालखी आत जायची. तात्या बाहेर उभा राहून वाजवायचा. मोबदला म्हणजे खळ्यावरचं बलुतं, खोबऱ्याचा तुकडा, आणि लांबून टाकलेले पैसे.

१९७२ चा दुष्काळ. विहिरी तळाला गेल्या. सगळा गाव खडी फोडायला लागला. त्या भाद्रपदात तात्याचा थोरला पोरगा गेला. तिसऱ्या दिवशी वाड्यावरून गडी आला: पाहुणे आलेत, करमणूक पाहिजे, हलगी घेऊन चल. तात्या गेला. घरात सून होती, दोन नातवंडं होती, आणि वाड्यात दाणे होते. परत आला आणि हलगी खुंटीला अडकवली. माझ्या आईनं विचारलं, 'तात्या, कसं वाजवलंस रं?' तो म्हणाला, 'हातानं वाजवलं बाय. म्या तिथं नव्हतो.'

स्तोत्रसंहितेत १३७ वं स्तोत्र आहे. बाबिलोनमधले कैदी नदीकाठी रडत बसलेत आणि पकडून नेणारे त्यांना म्हणतात, तुमची गाणी म्हणून दाखवा, आम्हाला मजा करायचीय. कैदी आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवतात. मी ते पुढं कॉलेजात असताना वाचलं आणि मला खुंटीवरची हलगी दिसली. हुकमाचा आनंद काय असतो हे आपल्या माणसांना बायबल न वाचताही माहीत आहे.

तर त्या सालचा नाताळ. २४ डिसेंबरची रात्र. कुणाच्या अंगावर नवं कापड नाही. हाताला खडीचे फोड. पाळकसाहेब तालुक्याहून सायकलवर आले. पेटीचा भाता फाटलेला. तबलेवाला पोट भरायला मुंबईला गेलेला. कंदील एक. आम्ही गाणं धरलं, पण ते उठेना. दोन कडवी झाली. ओझं ओढल्यागत सूर चालला होता.

तात्या दारातनं उठून बाहेर गेला. वाटलं, तंबाखूला गेला. थोड्या वेळानं पाचट जळाल्याचा वास आला. मग एकच ठोका आला, 'कड्डंग'. तो बाहेर हलगी शेकत होता.

तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. हलगी छातीशी, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. गाणं थांबलं. माझा चुलता देवळाचा पंच. तो उठला.

'तात्या, हे देवाचं घर हाय. वाड्यावरचा मांडव न्हाई.'

तात्या काही बोलला नाही. मागंही फिरला नाही. पाळकसाहेब चुलत्याकडं बघू लागले. मी पंधरा वर्षांचा होतो. मला चुलत्याचं म्हणणं बरोबर वाटलं होतं, हे लिहून ठेवतो. हलगी म्हणजे मांगाचं वाद्य, वेठीचं वाद्य, रस्त्यावरचं वाद्य. देवळात पेटी, टाळ, तबला. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग आणि कीर्तन देवळात आणलं. त्यामुळं इंग्रजी चालींखाली दबलेल्या आमच्या माणसांना मराठी गळा परत मिळाला. त्यांचे उपकार आहेतच. पण बघा, कीर्तन आत आलं, टाळ आत आला, हलगी मात्र दारापाशीच राहिली. यात टिळकांचा दोष नाही. दाराशी आम्हीच उभे होतो.

तेवढ्यात बायकांतून आई बोलली. बायबल बाईकडून अक्षरं शिकलेली माझी आई.

'पाळकसाहेब, तांबडा समुद्र वलांडल्यावर मिर्यामच्या हातात काय व्हतं?'

पाळकसाहेब गप्प. मग हळू म्हणाले, 'डफ.'

'पेटी न्हवती ना?'

बायका हसल्या. पाळकसाहेबसुद्धा हसले. म्हणाले, 'ये तात्या. आत ये. असा पुढं ये.'

निर्गमाच्या पुस्तकातली ती गोष्ट आहे. मिसर देशात विटा थापणारे गुलाम. मालकाच्या तावडीतून सुटले, समुद्र पार झाले, आणि पलीकडच्या काठावर त्यांनी काय केलं? बायकांनी डफ घेतले आणि नाचल्या. सुटलेल्या गुलामांची पहिली उपासना डफावर झाली. आईला हे धर्मशास्त्र म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की डफ आणि हलगी एकाच घरची.

तात्या दारापासून पुढपर्यंत चालत आला. वीस वर्षांत पहिल्यांदा. पंधरा पावलं असतील. त्यानं वाजवायला सुरुवात केली तर हाताला सवय पालखीची, तोच ठेका आला. आम्ही गाणं त्या ठेक्यावर ओढून घेतलं. चाल बदलली. बायका उठल्या, टाळ्या सुरू झाल्या, पोरं नाचू लागली. माझ्या फोड आलेल्या हातांना टाळी लागत होती, दुखत होतं आणि थांबवत नव्हतं. तात्या हसत होता का रडत होता ते कंदिलाच्या उजेडात कळत नव्हतं. दोन्ही असेल. त्याचा मेलेला पोरगा काही परत आला नव्हता. दाणे आले नव्हते. पाऊस तर नव्हताच. पण त्या रात्री तात्या तिथं होता. हातांबरोबर तोही होता.

नंतर दुष्काळी कामावर मिळालेल्या सुकडीचे लाडू वाटले. तात्याच्या सुनेनं परात धरली होती. बहुतेकांनी खाल्ले. चुलतीनं पदरात बांधून नेला. तिनं खाल्ला की टाकला, मला माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका रात्रीचा नाच, दुसऱ्या दिवशी खडी तशीच. खरं आहे. पण चैत्रात जत्रेचं बोलावणं घेऊन वाड्यावरचा गडी आला, तेव्हा तात्या त्याला म्हणाला, 'हलगी आता बाटली, मालकाला सांग. आमच्या देवळात वाजलीया. तुमच्या देवाला चालायची न्हाई.'

ज्या विटाळानं गावानं त्याला जन्मभर बाहेर ठेवलं, तोच विटाळ त्यानं गावाच्या तोंडावर मारला. गडी तोंड उघडं टाकून बघत राहिला. महारवाडा तीन दिवस हसत होता.

हसण्याची किंमत तात्यानं मोजली. त्याचं बलुतं बंद झालं. खळ्यावर त्याला उभं करेना. महारवाड्यातल्या चार घरांनी त्याला पायलीपायली ज्वारी दिली. तीस घरांतल्या चार. माझ्या चुलत्यानं दिली नाही. हे चार आणि तीस मी विसरत नाही. नाचताना तीसच्या तीस नाचली होती.

पुढं मी औरंगाबादला शिकायला गेलो. दलित पँथर १९७२ सालीच उभी राहिली होती, तिचं वारं हॉस्टेलात जोरात होतं. मी फुले वाचले, बाबासाहेब वाचले. सवलतीचा फॉर्म भरायला गेलो तर कारकून म्हणाला, 'ख्रिस्ती? मग शेड्यूल्ड कास्ट नाही.' १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अस्पृश्य फक्त हिंदूंत असतात असं ठरवून टाकलं होतं. १९५६ साली शिखांना त्यात घेतलं, १९९० साली बौद्धांना घेतलं. ख्रिस्ती बाहेरच. गावासाठी मी महार, सरकारसाठी नाही. मला दोन्हीकडून चीड आली आणि ती मी देवळावर काढली. सुट्टीत घरी गेलो आणि आईला म्हणालो, 'काय मिळालं तुला गाऊन? मालक खूश, तू पण खूश. अफू आहे ही.'

आई भाकरी थापत होती. म्हणाली, 'अफू खाल्ल्यावर माणूस निजतं. तात्या तर उठला की रं.'

मला उत्तर आलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. तीन-चार वर्षं देवळाचं तोंड पाहिलं नाही.

१९७८ च्या जुलैत विधिमंडळात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळू लागल्या. आम्ही पोरं धान्य, भांडी, गोधड्या घेऊन फिरत होतो. एका जळलेल्या वस्तीत रात्री मुक्काम पडला. भिंती काळ्या, छपरं नाहीत. एक म्हातारी तीन दगडांवर पातेलं ठेवून बसली होती आणि हळू आवाजात भीमगीत म्हणत होती. माझ्या अंगावर काटा आला. मी मूर्खासारखं विचारलं, 'आजी, आत्ता गाणं सुचतं तुम्हाला?'

ती म्हणाली, 'घर त्यांनी जाळलं. गळा माझा हाय.'

तिथं मला तात्या आठवला. आणि लहानपणी ऐकलेली पौल आणि सीला यांची गोष्ट आठवली. फटके खाल्लेले, पाय खोड्यात अडकवलेले, आणि मध्यरात्री तुरुंगात गाताहेत. बाकीचे कैदी ऐकताहेत. ती गोष्ट मला नेहमी खोटी वाटायची. त्या म्हातारीजवळ बसल्यावर खोटी वाटेना.

गुलामाचं गाणं मालकाला नेहमी चुकीचं ऐकू येतं. ज्या काळ्या माणसांच्या लढ्यावरून आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, त्यांच्यातला फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळालेला. १८४५ सालच्या आपल्या आत्मकथेत त्यानं हेच लिहिलंय: गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत असं समजणं ही मोठी चूक आहे, गुलाम सगळ्यांत जास्त गातो तो दुःखात. मीही आईकडं मालकाच्या कानांनीच बघत होतो. ती गाते म्हणजे तिला काही कळत नाही, असं धरून चाललो होतो.

म्हणून मी परत गेलो. पण डोळे मिटून गेलो नाही. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लिहिलंय. इंग्रजी खंडांतल्या पाचव्या खंडात ते १९८९ साली छापून आलं. जात देवळात तशीच राहते, आणि माणसाला सांगितलं जातं की तुझी अवस्था तुझ्या पापामुळं आहे, मग तो भोवतालचा समाज बदलायला उठत नाही, असा त्यांचा आरोप आहे. मी ते वाचलं तेव्हा मला दारापाशी बसलेली पाच घरं दिसली. आरोप खरा आहे. त्याला उत्तर द्यायचं तर भाषणानं देता येत नाही. दारापाशी कोण बसतंय ते बदलून द्यावं लागतं.

बायबलातही हा आरोप आहे. आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा, गरिबांना जोड्याच्या किमतीत विकणाऱ्यांना सांगतो की देवाला तुमच्या सणांचा वीट आलाय, तुमची गाणी त्याच्या कानाला नकोत, आधी न्याय नदीसारखा वाहू द्या. म्हणजे देवसुद्धा सगळं गाणं ऐकत नाही.

आताच्या सभा मी पाहतो. मोठे भोंगे, रंगीत दिवे. स्टेजवरचा माणूस ओरडतो, 'हात वर करा, हसा, आनंद करा! जो हसत नाही त्याचा विश्वास कच्चा!' मागल्या एका सभेत माझ्या शेजारी एक बाई होती. नातू जाऊन महिना झाला नव्हता. तिनं हात वर केले होते आणि चेहरा दगडासारखा होता. मला वाड्यावरचा गडी आठवला. हुकूम तोच, फक्त मांडव बदलला. आनंद करा असं पौलानंही लिहिलंय, फिलिप्पैकरांना. पण त्यानं ते बेड्यांत बसून लिहिलं. स्टेजवर पंख्याखाली बसून नाही. आणि दीडशे स्तोत्रांत रडण्याची, भांडण्याची, देवाला 'कुठं आहेस?' असं विचारण्याची स्तोत्रं थोडी नाहीत. ज्या देवापुढं रडायची मुभा नाही, त्याच्यापुढचा आनंद म्हणजे पुन्हा वेठबिगारच.

हलगीबद्दलही आपल्यात वाद आहे. लाचारीचं वाद्य म्हणून ती फेकून दिलेली माणसं आहेत, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. मालकाच्या दारात ती कधीच वाजू नये. पण कातडं लाचार नसतं. लाचारी असते ती बोलावण्यात. तीच हलगी तात्यानं आपल्या मर्जीनं, आपल्या देवापुढं, आपल्या मेलेल्या पोराचं दुःख छातीशी धरून वाजवली, तेव्हा ती उपासना झाली.

चौदा एप्रिलच्या रात्री तुम्ही रस्त्यावर नाचता. सगळे प्रश्न सुटले म्हणून नाचता का? मान वर करता येते म्हणून नाचता. कुणी ती आपल्याला करून दिली, त्याची आठवण म्हणून नाचता. माझा देव वेगळा असेल, तुम्हाला देव नको असेल. भांडू आपण त्यावर, पुष्कळ वेळ आहे. पण तो आनंद काय चीज आहे हे तुम्हाला परकं नाही.

तात्या १९८४ साली गेला. आई त्यानंतर सहा वर्षांनी. आईच्या मातीला तात्याच्या नातवानं हलगी वाजवली, देवळापासून कबरस्थानापर्यंत. चुलता तेव्हा थकला होता. काठी टेकत आला, आणि गर्दीत त्याला उभं राहायला जागा मिळाली ती मांगवाड्यातल्या माणसांत. तो तिथंच उभा राहिला. गाणं सुरू झाल्यावर त्याचे ओठ हलताना मी पाहिले.

त्या पोराला मी एवढंच सांगितलं: गाणं ऐकलंस की दोन गोष्टी बघ. कुणाच्या हुकमावरून चाललंय, आणि दारापाशी कोण बसलंय. आमच्या देवळात ये एकदा आणि तिथंही हे बघ. काही चुकीचं दिसलं तर उभा राहून बोल.

तो म्हणाला, 'येतो काका. पण गाणार नाही.'

म्हटलं, नको गाऊ. तात्यासुद्धा वीस वर्षं गायला नव्हता.